उघाडीची वेळ

१

तुम्ही कधी रिकाम्या खोलीला काही विचारलंय का? आत कोणी नाही हे पक्कं ठाऊक असताना, बंद दारासमोर उभं राहून, चांगलं मोठ्यानं?

गोदा रोज विचारायची. दुपारी एकच्या सुमाराला. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोपासून वीस मिनिटं चाललं की एक जुनी तीन मजली इमारत लागते. तिच्या वरच्या मजल्यावर समुद्रातल्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींची प्रयोगशाळा आहे. गोदा तिथं अकरा वर्षं कामाला. काचेच्या बाटल्या धुवायच्या, खारं पाणी उकळून गार करायचं, सकाळी प्रत्येक बाटली हातात घेऊन हलकेच फिरवायची, म्हणजे तळाला बसलेल्या पेशी वर येतात. नवरा गेल्यावर तिला या नोकरीनं उभं केलं होतं. बाटल्यांवर तिचा जीव होता.

तिथं एक लहान खोली होती. एका बाटलीतल्या पेशी दुसऱ्या बाटलीत घालायचं काम त्या खोलीत चालायचं, म्हणून ती फार स्वच्छ लागे. रोज साडेबाराला गोदा तिथली फरशी स्पिरिटनं पुसून दार लावून घ्यायची आणि एक वाजता बाहेरच्या बटणानं आतला निळा दिवा लावायची. तासभर. हा दिवा जंतू मारतो. माणसाच्या डोळ्यांनाही सोडत नाही. एकदा पुसल्यावर दार उघडायचं नाही असा नियम होता आणि दाराची काच धुरकट होती, त्यामुळे आत डोकावायची सोय नव्हती. म्हणून गोदा बटणावर बोट ठेवून आधी ओरडायची, "लावू का?"

थोडं थांबायची. मग लावायची.

हा नियम कुणी घालून दिला नव्हता. तिचा तीच पाळायची.

"गोदाताई, आत भूत असतं तर ते काय म्हणालं असतं? थांबा, डबा संपवू द्या?" डॉक्टर प्रियांका हसायच्या. त्या प्रयोगशाळेच्या मुख्य. वय अडतीस, राहायला डोंबिवलीला, बोलणं घाईचं आणि मन मोकळं.

"हसा हसा मॅडम. विचारायला पैसे पडत नाहीत," गोदा म्हणायची.

अकरा वर्षांत त्या खोलीनं कधी उत्तर दिलं नव्हतं.

२

पौष महिन्याच्या शेवटी प्रियांका मॅडमनी चार लांबट लाकडी खोकी आणली. खोक्यांत चिखलाची गोल नळकांडी होती, हाताएवढी जाड, करडी, दमट. इमारतीचा पाया घालण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून आतली माती तपासतात, ती ही माती. जागा खाडीकडेची होती. तिथं आधी मिठागर होतं. भराव टाकून ते बुजवलं त्याला चाळीस वर्षं होत आली होती.

"कुठलं मिठागर?" गोदानं विचारलं.

मॅडमनी जागा सांगितली. गोदानं हातातलं फडकं पुन्हा पिळलं.

"तुमच्या माहेरच्या बाजूला ना ते?"

"आमचंच आगर होतं मॅडम. म्हणजे मालक दुसरा. बाबा कामाला होते."

"अहो मग सांगा की! मला काय खजिना मिळालाय कळतंय का तुम्हाला?" मॅडम खुर्ची ओढून बसल्याच. "चाळीस वर्षांत खाडी पार बदलली. कारखान्यांचं पाणी, गटाराचं पाणी, सगळं आलं. तरी या पेशी त्यात तगल्या. त्यांच्या जनुकांत काहीतरी बदललं असणार. काय बदललं हे कळायला मला त्यांच्या पणज्या पाहिजेत. त्या पणज्या या चिखलात झोपल्यात."

"चाळीस वर्षं?"

"अंगाभोवती जाड कवच करतात आणि झोपतात. उजेड आणि खारं पाणी दिलं की काही उठतात. सगळ्या नाही."

"उठल्यावर त्यांना कळतं का, किती वेळ गेला ते?"

मॅडमना हसू आलं. "त्यांना काय कळणार? त्यांच्या लेखी रात्री झोपल्या, सकाळी उठल्या."

तिसऱ्या खोक्यातल्या नळकांड्यात मधोमध एक पांढरा पट्टा होता. बोटभर जाडीचा. मॅडमनी चिमट्यानं उकरून पाहिलं. शिंपल्यांचा चुरा होता.

"हा कुठून आला?"

गोदाला ठाऊक होतं. खाडीचं पाणी आत घ्यायच्या दगडी मोरीच्या तोंडाशी पाय घसरू नये म्हणून आगरातले लोक शिंपल्या ठेचून टाकायचे. आख्ख्या आगरात फक्त तिथं, दुसरीकडे कुठंच नाही.

"काय की," ती म्हणाली.

३

चिखल पसरट ट्रेमध्ये घातला. पहिल्या दोन ट्रेमध्ये आजच्या खाडीतला ताजा चिखल, तिसऱ्यात शिंपल्यांच्या पट्ट्याखालचा जुना. वर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दिवे. छताला एक कॅमेरा, दर पाच मिनिटांनी आपोआप फोटो काढणारा.

खाडीच्या चिखलातल्या या पेशींची एक खोड आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्या उन्हासाठी वर येतात आणि चिखल सोनेरी तपकिरी दिसतो. भरतीचं पाणी यायच्या जरा आधी त्या आत शिरतात आणि चिखल पुन्हा करडा होतो. पाणी आलेलं नसतं, पण यायचं आहे हे त्यांना कळलेलं असतं.

"इथं तिसऱ्या मजल्यावर कुठली भरती आली?" गोदानं विचारलं होतं.

"नाहीच. पण नवीन आणलेला चिखल चार-आठ दिवस तीच वेळ पाळतो. मग विसरतो."

पहिले दोन ट्रे आठवड्यात विसरले. तिसऱ्या ट्रेला रंग चढायलाच पंधरा दिवस लागले. मग एका सकाळी गोदानं पाहिलं तर चिखलावर सोनेरी साय धरली होती. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, खालून सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

तिसरा ट्रे दिवसभर सोनेरी राहायचा. भरती-ओहोटीशी त्याचा काही संबंध दिसेना. माघी पौर्णिमेला मात्र दुपारी सव्वाएकच्या फोटोत तो अचानक करडा झाला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला. चौथ्या दिवशी साडेतीनच्या पुढं. मग पुन्हा दहा-अकरा दिवस दिवसभर सोनेरी. अमावास्येला पुन्हा तेच, पुन्हा चार दिवस.

मॅडमनी भरतीचं कोष्टक काढलं आणि फोटोंच्या वेळा त्याच्या शेजारी लिहिल्या. पेन्सिल कानामागं खोचून कितीतरी वेळ बघत बसल्या.

"भरती रोज येते. मग हा चारच दिवस का पाळतो? आणि पाणी चढताना आत जायला हवं. हा तर भरती पूर्ण भरल्यावर अर्ध्या तासानं जातोय. ही खाडीची वेळच नाही, गोदाताई. ही कशाची वेळ आहे?"

गोदा बाटल्या पुसत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती एकच बाटली पुसत राहिली.

४

ती उघाडीची वेळ होती.

आगराच्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. मिठासाठी पाणी घ्यायचं ते फक्त उधाणाचं, पुनवेच्या आणि अवसेच्या चार-चार दिवसांचं. भरती भरली की लगेच घ्यायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. अर्ध्या तासानं वरचं निवळ पाणी आत सोडायचं. उघाडी उघडायचं काम गोदाच्या बाबांचं, दगडूचं. अर्धा तास मोजायला त्यांना घड्याळ लागत नसे.

उघाडीतून पाणी दगडी मोरीत यायचं, मोरीतून चरात, चरातून कुंडात. पाणी घ्यायच्या आधी कुणीतरी मोरीत उतरून गाळ काढायचा. उघाडीपाशी उभ्या माणसाला बांधाच्या वळणामुळं मोरी दिसत नसे. म्हणून वळणावर एक माणूस उभा करत. बाबा ओरडायचे, "सोरू का?" त्यांच्या बोलीत सोडू का म्हणजे सोरू का. वळणावरचा माणूस मोरीकडे बघायचा, सगळे वर आले असतील तर ओरडायचा, "सोर!" उत्तर आल्याशिवाय बाबा दाराला हात लावत नसत.

गोदा तेरा वर्षांची होती. फाल्गुनातली अवस, पाडव्याचा आदला दिवस. आई तापानं पडली होती म्हणून वळणावर गोदा उभी होती. खाडीवर पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता आणि ती तो बघत होती. पलीकडून टक टक आवाज येत होता. बायका खडकावरची कालवं फोडताहेत असं तिला वाटलं. तेवढ्यात बाबांची हाक आली.

"सोरू का?"

"सोर!" ती म्हणाली. मोरीकडे न बघता. रोज ऐकलेलं उत्तर तोंडातून आपसूक निघालं.

मोरीत पोपटकाका होता. बाबांचा चुलतभाऊ. संध्याकाळी ओहोटीला तो सापडला.

रात्री गाव जमलं तेव्हा कुणीतरी विचारलंच, सोर कोण म्हणालं? बाबा गोदाकडे बघून न बघितल्यासारखं करत म्हणाले, "पोपटच म्हनला. त्याचाच आवाज आला. वर आला असंल, मग काय राहिलं म्हनून पुन्हा उतरला असंल." सगळ्यांनी मान हलवली. पोपटकाकाची बायको हौसाबाई मात्र बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानंतर बाबा जाईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, ती वर्षातून एकदा यायची आणि दारातच विचारायची, "दगडूभावजी, आवाज त्याचाच व्हता ना?" बाबा म्हणायचे, "व्हय." ती परत जायची. तिच्या घरावर त्या पाडव्यापासून गुढी उभारलेली कुणी पाहिली नाही.

बाबा गेले. हौसाबाई अजून आहे, ऐंशी ओलांडून. आणि उत्तर कोणी दिलं हे जगात एकट्या गोदाला माहीत होतं. बरेचदा तिला वाटे, जावं, सांगून टाकावं. रिक्षात बसावं, तिच्या दारात उतरावं. मग दुसरं मन म्हणे, बाबांना मेल्यावर खोटं पाडतेस?

५

होळीच्या आधी गोदानं मॅडमना अर्धं सांगितलं. उघाडीचं, निवळ पाण्याचं, चार दिवसांचं. उत्तराचं सांगितलं नाही.

प्रियांका मॅडम उठून फेऱ्या मारायला लागल्या. "म्हणजे वर्षानुवर्षं त्या मोरीत पाणी याच वेळी आलं आणि त्या पेशींनी ती वेळ धरली. शक्य आहे. अवघड आहे, पण अगदी अशक्य नाही. पण आता त्यांना कोण सांगतंय अमावास्या कधी आहे ते? चंद्र दिसत नाही, पाणी हलत नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, रात्री झोपल्या, सकाळी उठल्या."

"ते मी आपलं असंच म्हटलं हो!" मॅडम म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हे बघा, होळी पौर्णिमेला कळेल. तेव्हाही सव्वाएकला करडा झाला तर मी हे लिहून काढते. चंद्राचंच काहीतरी असणार."

होळीच्या दिवशी दोघी ट्रेसमोर उभ्या राहिल्या. सव्वाएक वाजला. दीड वाजला. दोन वाजले. ट्रे सोनेरीच. धुळवडीला प्रयोगशाळा बंद होती, पण कॅमेऱ्याचे फोटो होते. दिवसभर सोनेरी. तिसऱ्या दिवशी मात्र पावणेतीनला करडा.

"गेलं," मॅडम म्हणाल्या. "बिघडलं सगळं. दोन दिवस मध्येच कसे गळले? चंद्र काही सुट्टी घेत नाही."

गोदाला आगरातली होळी आठवली. होळी आणि धुळवड, दोन दिवस आगरात कुणी कामाला हात लावत नसे. बाबा होळीसमोर नाचायचे. उघाडी बंद असायची.

चंद्र सुट्टी घेत नाही. माणूस घेतो.

घरी येऊन भाकऱ्या थापताना तिनं स्वतःलाच नीट समजावलं. चिखल तो चिखल. त्यात जीव आहेत, त्यांची काही सवय असेल. सवयीला कारण लागत नाही. तू अकरा वर्षं रिकाम्या खोलीला विचारतेसच ना?

त्याच आठवड्यात तो आवाज सुरू झाला.

टक्. मग थोडं थांबून टक् टक्. लाकूड दगडावर आपटावं तसा. लहान खोलीच्या बाजूनं यायचा आणि ट्रे करडा झाला की बंद व्हायचा. मॅडम म्हणाल्या, एसीचा पाईप असेल. माणूस येऊन बघून गेला. पाईप ठीक होता. उधाणाचे दिवस सरले तसा आवाज थांबला आणि मॅडमचं त्यावरचं लक्षही उडालं. गोदानं कॅलेंडर काढून पाहिलं. फाल्गुनी अमावास्येला दहा दिवस होते.

"मॅडम, तो तिसरा ट्रे फेकून द्यायचा का?"

"काय?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "गोदाताई, दीड वर्षानं पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलंय. त्या पेशींची जनुकं आताच्यांपेक्षा खरंच वेगळी निघताहेत. ट्रे गेला तर माझं सगळं गेलं. का हो, असं का म्हणालात?"

"काही नाही. आपलं म्हटलं."

६

अमावास्येच्या दोन दिवस आधी प्रियांका मॅडमचा घसा बसला. आधी घोगरा, मग नुसती हवा. काही सांगायचं तर कागदावर लिहायच्या आणि कागदावरही थट्टा सोडत नव्हत्या. 'आता तुम्ही ओरडा, मी ऐकते,' असं एकदा लिहिलं.

अमावास्येच्या दिवशी बाराला त्या डॉक्टरकडे गेल्या. 'उशीर होईल, जेवून घ्या,' म्हणून चिठ्ठी ठेवली. गोदानं साडेबाराला लहान खोली पुसली, दार लावलं आणि मागच्या मोरीवर बाटल्या धुवायला बसली. नळ मोठा सोडला होता. तिला कुणाच्या येण्या-जाण्याचा आवाज ऐकायचाच नव्हता.

एक वाजून गेला तरी ती उठली नाही. मग स्वतःलाच रागावून उठली. हात पुसले. जाताना ट्रे पाहिला. सोनेरी होता. इतका दाट सोनेरी तो कधीच नव्हता, जणू आतलं सगळं वर येऊन थांबलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बारा मिनिटं.

दारापाशी येऊन तिनं बटणावर बोट ठेवलं. आत ट्यूब चालू होती, ती रोजच असायची. धुरकट काच दुधासारखी उजळलेली.

तिला म्हणायचं होतं, लावू का. तोंडातून निघालं ते बाबांचं.

"सोरू का?"

आपलाच आवाज तिला परका वाटला. पुरुषी, लांबवर टाकलेला, वाऱ्यावरून पलीकडे पोचावा असा.

आणि खोलीतून उत्तर आलं.

"सोर!"

मुलीचा आवाज होता. कोवळा, मोकळा, जराही न अडखळणारा. तो आवाज कुणाचा हे ओळखायला गोदाला क्षणसुद्धा लागला नाही. आपला तेरा वर्षांचा आवाज माणूस विसरतो असं आपल्याला वाटतं. विसरत नाही.

तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी मनात आलं ते वेगळंच. बाबांना असाच ऐकू आला असेल. इतका खात्रीचा. यानंतर कोण थांबेल? तिचं बोट बटणावर दाबलं जाऊ लागलं. तिनं दाबलं नव्हतं. हाताला जे येत होतं ते हात करत होता.

टक्.

दारावर. आतून.

टक् टक्.

धुरकट काचेतून लांबचं काही दिसत नाही. काचेला टेकलेलं तेवढं दिसतं. काचेच्या अगदी खालच्या कडेशी चार करडे डाग उमटले होते, एका ओळीत. वळलेल्या मुठीची बोटं असतात तसे. मोठ्या, रुंद हाताची. ती हलली, मागं गेली, पुन्हा टेकली. टक्.

गोदानं बटणावरचं बोट काढून घेतलं. दुसऱ्या हातानं धरून ओढून काढावं लागलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, पुसलेल्या खोलीचं दार तिनं उघडलं.

७

दारामागं कुणी नव्हतं.

खोलीच्या पार टोकाला, कपाटामागं, प्रियांका मॅडम फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात एक काचेची कुपी होती. चेहरा पांढरा पडला होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून नुसती हवा येत होती.

गोदानं त्यांना धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरकडे गर्दी नव्हती, त्या लवकर आल्या होत्या. एरवी 'आले हो गोदाताई' म्हणत यायच्या, आज म्हणता आलं नव्हतं. कालची कुपी आतच राहिली म्हणून पटकन गेल्या आणि ती कपाटामागं घरंगळली. हाक ऐकू आली तेव्हा ओरडायला गेल्या, तर आवाज फुटेना. उठायला गेल्या, तर कोट कपाटाच्या दांडीत अडकला.

हे सगळं त्यांनी हळूहळू लिहिलं. गोदा म्हणाली, "बरं झालं दार वाजवलंत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं, 'मी नाही वाजवलं. मी दारापर्यंत पोचलेच नव्हते.'

मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

'बाहेर ती मुलगी कोण होती?'

गोदानं दाराकडे पाहिलं.

दाराच्या काचेवर आतल्या बाजूनं चार डाग होते. करडे नव्हते आता, वाळत सोनेरी होत चालले होते. प्रियांका मॅडम शेवटी शास्त्रज्ञ बाई. त्यांनी कापसावर एक डाग टिपला आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कितीतरी वेळ डोळा लावून होत्या. मग गोदाला बघायला दिलं.

नावेसारख्या लहान लहान सोनेरी पेशी होत्या. जिवंत. इकडून तिकडे सरकत होत्या. तिसऱ्या ट्रेमधल्या.

तो ट्रे तेव्हा करडा झाला होता. कॅमेऱ्यातल्या फोटोवर वेळ होती एक वाजून वीस मिनिटं. त्यापुढचे सगळे फोटो करडे होते. दिवे सहाला गेले तोवर तो पुन्हा सोनेरी झाला नाही.

निघताना मॅडमनी तिचा हात धरून ठेवला. गोदा म्हणाली, "मॅडम, मी उद्या येत नाही. एके ठिकाणी जायचंय."

मॅडमनी मानेनंच विचारलं, कुठं.

"उत्तर द्यायचं राहिलंय," गोदा म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सकाळी आठच्या आत गोदा रिक्षानं माहेरच्या गावी गेली. गावात आता चाळी नाहीत, मोठमोठाले बंगले आहेत. त्यांच्यामध्ये हौसाबाईचं कौलारू घर तेवढं जुनं. सगळ्या घरांवर गुढ्या होत्या. तिच्या दारात नव्हती.

हौसाबाई पडवीत बसली होती. गोदा तिच्यासमोर खाली बसली आणि एका दमात सांगून टाकलं. पक्षी, हाक, न बघता दिलेलं उत्तर, बाबांचं खोटं. सगळं.

हौसाबाई रडली नाही, ओरडली नाही.

"मना ठावं व्हतं, तो नाय म्हनला ते," ती म्हणाली. "दोन दिस त्याचा घसा बसलेला. आवाजच नव्हता त्याला. मी तुझ्या बापासला दर वर्साला इचारी, कवा तरी खरा सांगंल म्हनून." मग कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दांडा बग त्याचा."

गोदानं पाहिलं. काळ्या पडलेल्या दांड्याचं टोक दगडावर आपटून आपटून ठेचलं होतं, त्याचे धागे धागे सुटले होते.

"तो वाजवीत व्हता, पोरी," हौसाबाई म्हणाली.

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, भिंतीला धरत धरत मागच्या अंगणात गेली आणि गुढीसाठी काठी शोधू लागली.